बडासाबांचा पतंग

सुर्वेसाहेब गेल्याचं मला दीड तास उशिरा कळलं. त्या सकाळी मी गोदीत दुरुस्तीला आलेल्या एका टँकरच्या रिकाम्या टाकीत उतरलो होतो आणि तिथे फोनला रेंज नसते. वर आलो, हेल्मेट काढलं, पाणी प्यायलो आणि मग फोन बघितला. साधनावहिनींचे तीन मिस्ड कॉल आणि खाली एक ओळ: "हे गेले सकाळी. चार वाजता मंडाईला." सात महिने आम्ही सगळे ही ओळ कधीतरी येणार हे धरून चाललो होतो. तरी ती वाचल्यावर मी पुन्हा शिडीने टाकीत उतरलो आणि राहिलेली तपासणी पुरी केली.

सिंगापूरच्या मंडाई दहनभूमीत पोचलो तेव्हा अंगावर बॉयलरसूटच होता. दहा-बारा माणसं होती. वहिनी, मुलगी ऋचा, शेजारचं एक मलय जोडपं, जुन्या कंपनीतले दोघे, मराठी मंडळातले चार-पाच जण आणि सगळ्यांच्या मागे भिंतीला टेकून उभी असलेली एक ठेंगणी चिनी म्हातारी, सफाई कामगारांचा टीशर्ट घातलेली. मंडळातले एक गृहस्थ दोन शब्द बोलले. सुर्वेकाका मनमिळाऊ होते, गणपतीच्या दिव्यांच्या माळा दरवर्षी तेच लावायचे, आणि हो, त्यांना फुलपाखरांचा छंद होता. वहिनींनी मान वर करून माझ्याकडे बघितलं. 'तुम्ही तरी सांगा ना' असं ते बघणं होतं. मी जागचा हललो नाही. त्यांच्या बाबतीत गप्प राहायची मला तोवर चांगली सवय झाली होती. पाच आठवड्यांनी आता लिहायला बसलोय, ते काही श्रद्धांजली वाहायला नाही. जे तिथे उभं राहून बोलायचं होतं, ते इथे लिहितोय.

पहिली गोष्ट म्हणजे फुलपाखरांचा नव्हे. पतंगांचा. आणि छंद तर मुळीच नव्हे.

गजानन सुर्वे मूळचे दाभोळच्या खाडीकाठचे आणि पेशाने जहाजावरचे चीफ इंजिनिअर. आपल्याकडच्या जहाजांवर चीफ इंजिनिअरला बडासाब म्हणतात आणि इंजिनरूममधल्या सगळ्यात कनिष्ठ, पाचव्या इंजिनिअरला पाच साब. माझ्या पहिल्या जहाजावर ते बडासाब होते आणि मी पाच साब. पुढे मीही चीफ झालो, समुद्र सोडून सिंगापूरच्या एका जहाज कंपनीत सुपरिंटेंडंट झालो, तोआ पायोहला घर केलं, केस पिकले. पण ते मला शेवटपर्यंत 'पाच साब'च म्हणायचे आणि मी त्यांना 'सर'. नितीन हे माझं नाव त्यांना ठाऊक होतं की नाही, अशी शंका यायची.

ते पहिलं जहाज ओंडके वाहायचं. बोर्निओच्या किनाऱ्यापासून थोडं दूर आम्ही नांगर टाकून उभे राहायचो आणि बार्जवरून जंगलातले ओंडके आमच्याकडे यायचे. माणसाच्या छातीएवढ्या उंचीचे, साल निघालेले, ओले. काम रात्रंदिवस चालायचं म्हणून डेकवरचे सगळे दिवे पेटलेले असायचे. पहाटे ड्यूटी संपवून मी वर आलो की आमच्या राहायच्या मजल्यांची बाहेरची पांढरी भिंत पतंगांनी भरलेली दिसायची. हिरवे, पिवळे, तळहाताएवढे, नखाएवढे. उजाडलं की डेकवरचे खलाशी होजपाइप घेऊन ती भिंत धुऊन काढायचे आणि सगळे पतंग समुद्रात जायचे. रोज. त्यात कुणाला काही वावगं वाटायचं नाही, मलाही नाही.

एका पहाटे बघतो तर बडासाब पायजम्यावर, हातात टॉर्च घेऊन त्या भिंतीशी उभे. ज्या माणसाच्या आवाजाने इंजिनरूममध्ये माझ्या हातातला पाना गळून पडायचा, तो माणूस श्वास रोखून भिंतीला नाक लावून उभा होता. मला त्यांनी बोटाने जवळ बोलावलं. झाडाच्या वाळक्या सालीसारखा दिसणारा एक पतंग होता. त्यांनी करंगळीने त्याला हलकेच डिवचलं तसे त्याचे वरचे पंख सरकले आणि खालचे दिसले. पिकलेल्या जांभळाचा रंग आणि प्रत्येक पंखावर एकच पांढरा ठिपका.

"पाच साब, हा काय खात असेल?"

"सर… कपडे?"

ते हसले नाहीत. "मोठेपणी बहुतेक काहीच खात नाहीत असले. लहानपणी काय खात असेल? अळी असताना?" मग त्यांनी डेकवर रचलेल्या ओंडक्यांकडे हात केला. "ह्यातलंच काहीतरी असणार. आपण त्याचं जेवण घेऊन चाललोय आणि त्याला भिंतीवर बसवून धुवून टाकतोय."

त्या दिवशी त्यांनी बोसनला, म्हणजे डेकवरच्या खलाशांच्या मुकादमाला, सांगून भिंत धुणं तासभर पुढे ढकललं. कॅप्टन चिडला. तासाभरातच जे उडायचे ते उडाले, राहिलेले धुतले गेले. बडासाबांनी त्या पतंगाचं चित्र इंजिनच्या लॉगबुकच्या मागच्या कोऱ्या पानावर काढलं, पेन्सिलने, मोजमापं घालून, एखाद्या व्हॉल्व्हचं काढावं तसं.

नंतर आमच्या वाटा वेगळ्या झाल्या. पुन्हा भेटलो ते सिंगापुरात. तोवर त्यांनी समुद्र सोडून सेंबावांगकडे जहाजदुरुस्तीच्या एका कंपनीत नोकरी धरली होती आणि यिशुनला बाराव्या मजल्यावर घर घेतलं होतं. ब्लॉकच्या मागे रस्ता, रस्त्यापलीकडे झुडपांची एक मोकळी पट्टी आणि तिच्या मागे जंगल. मी पहिल्यांदा जेवायला गेलो तेव्हा वहिनी म्हणाल्या, "घर बघायला आलो तेव्हा ह्यांनी स्वयंपाकघर बघितलं नाही, बेडरूम बघितली नाही. जिना बघून आले आणि म्हणाले, हेच घ्यायचं."

जिन्यातले दिवे रात्रभर चालू असतात, हे कारण. जंगलातून आलेले पतंग सकाळपर्यंत मजल्या-मजल्यावर भिंतींना चिकटून बसलेले असायचे. रोज सकाळी सहाला सुर्वेसाहेब बाराव्या मजल्यावरून पायी खाली उतरायचे, प्रत्येक मजल्यावर थांबत, वहीत नोंदी करत. सातला सफाईवाली आंटी झाडू घेऊन यायची आणि झाडूखाली पतंग जायचे. मंडाईला मागे उभी होती ती हीच. सुरुवातीला ती वैतागायची. साहेब रोज तिच्याकडे दहा मिनिटं मागायचे, मोडक्या मलयमध्ये, कधी हातवारे करून. वर्षभरात अशी वेळ आली की तीच एखादा पतंग टिश्यूवर अलगद घेऊन उभी असायची. "अंकल, दिस वन स्टिल अलाइव्ह, आह." पुस्तकातल्या एकाही तज्ज्ञाने साहेबांना जेवढी मदत केली नाही, तेवढी ह्या बाईने केली.

आणि मग एका सकाळी नवव्या मजल्यावर, विजेच्या मीटरच्या पेटीशेजारी, वाळक्या सालीसारखा पतंग. त्यांनी मला ऑफिसात फोन केला. "पाच साब, तो इथे आहे." कोण, हे मला क्षणभर कळलं नाही… बोर्निओच्या त्या भिंतीला तेव्हा वीस वर्षं होऊन गेली होती.

त्या पतंगाला शास्त्रीय नाव कधीच मिळालेलं होतं. सुमात्रा, बोर्निओ आणि सिंगापूर या बेटांच्या जंगलांत आणि मलेशियाच्या काही भागात तो सापडतो, एवढी नोंद होती. पण मेलेले, टाचणी लावलेले पतंग बघूनच ती केलेली. अळी कशी दिसते, काय खाते, कोष कुठे करते, हे रकाने कोरे. साहेबांनी ते भरायचं ठरवलं. नवव्या मजल्यावरची ती मादी होती. साहेबांनी ठेवलेल्या खोक्यात तिने अंडी घातली. आठवडाभरात अळ्या निघाल्या, दोऱ्याच्या तुकड्याएवढ्या, आणि आता त्यांना खायला काय द्यायचं हे जगात कुणालाच माहीत नव्हतं. साहेबांनी ब्लॉकभोवतीच्या प्रत्येक झाडाचं पान आणून घातलं. अळ्या पानावर चढायच्या, तोंड लावायच्या आणि उतरायच्या. तिसऱ्या दिवशी संपल्या. त्या दिवशी मी तिथे होतो. भिंग बाजूला ठेवून ते म्हणाले, "उपाशी मेल्या हो सगळ्या. माझ्या घरात." आणि जेवायला बसले नाहीत.

असं पाच वर्षं चाललं. मादी सापडायची, अंडी व्हायची, अळ्या मरायच्या. राखीव जंगलातलं पान तोडणं इथे गुन्हा आहे. म्हणून त्यांनी रीतसर परवानगीचा अर्ज केला. अर्जात एक रकाना होता, संस्थेचं नाव. त्यांनी तिथे 'स्वतः' असं लिहिलं. उत्तर सभ्य आलं, अर्ज एखाद्या संस्थेमार्फत करावा. त्यांनी दुसऱ्या वर्षी पुन्हा केला, तिसऱ्या वर्षी पुन्हा केला, आणि तिन्ही वेळा एकाच मजकुराचं उत्तर आलं. मग ते जंगलाच्या हद्दीबाहेरच्या त्या झुडपांच्या पट्टीतच हिंडायला लागले. दर रविवारी, भर उन्हात, टोपी घालून, एकेक पान उलटून बघत. मी कधीमधी सोबत जायचो, जास्त करून त्यानंतर मिळणाऱ्या वहिनींच्या हातच्या माशाच्या कालवणासाठी. खोटं कशाला लिहू?

शेवटी सापडली ती एका वेलीवर. कुंपणाच्या जाळीवर चढलेली, हाताएवढ्या पानांची, रानटी, जिच्याकडे कुणी ढुंकून बघणार नाही अशी वेल. पानाच्या खाली हिरवी अळी, पाठीवर एकच पांढरी रेघ. ती हीच असेल याची खात्री नव्हतीच. घरी आणली, त्याच वेलीची पानं घातली आणि ती खायला लागली. साहेबांनी मला फोनवरून त्या खाण्याचा आवाज ऐकवायचा प्रयत्न केला. मला काहीच ऐकू आलं नाही, पण मी "हो सर, येतोय" म्हणालो. तीन आठवड्यांनी कोषातून पतंग बाहेर आला तेव्हा आम्ही सगळे स्वयंपाकघरात ओट्याभोवती उभे होतो. ऋचा तेव्हा पॉलिटेक्निकला होती. आधी नाक मुरडून लांबून म्हणाली, "पा, सो ग्रॉस लाह." मग चुरगळलेले ओले पंख हळूहळू पसरायला लागले, जांभळा रंग दिसला, पांढरा ठिपका दिसला, आणि ती कधी वडिलांच्या खांद्याला टेकून उभी राहिली तिला कळलं नाही. साहेब रडत होते. बॉयलर फुटायच्या बेताला आला तेव्हा ज्याचा चेहरा बदललेला मी बघितला नव्हता, तो माणूस…

ह्यापुढचं सगळं माझ्यामुळे झालं.

आमच्या कंपनीला पर्यावरणाचं काहीतरी करून दाखवायचं होतं. झाडं लावायचा कार्यक्रम ठरला आणि मराठी माणूस कामाला वाघ म्हणून तो माझ्या गळ्यात आला. त्यात एका संशोधन संस्थेची साथ होती. तिथला एक तरुण संशोधक मला भेटला. हसतमुख, अंकल-अंकल करणारा, कीटकांवर काम करणारा. मी त्याला उत्साहाने बडासाबांबद्दल सांगितलं. पुढच्याच रविवारी तो यिशुनला आला. चार तास बसला. वहिनींनी केलेले पोहे दोनदा घेतले. नोंदींची वही, फोटो, कोषांची रिकामी टरफलं, सगळं बघून म्हणाला की हे जगापुढे यायला हवं. वही नेऊ का, असं त्याने विचारलं तेव्हा साहेबांनी माझ्याकडे बघितलं. मीच म्हणालो, "द्या सर. तुमचं नाव होईल." त्यांनी वही दिली आणि दुसऱ्या दिवशी त्याला ती वेल नेऊन दाखवली, कुंपणावरची जागासुद्धा.

दीड वर्षाने त्या संशोधकाचा मला ईमेल आला. शोधनिबंध छापून आला होता. कंपनीच्या मासिकात त्याबद्दल चार ओळी द्याल का, अशी विनंती होती. मी वन-नॉर्थला एका मीटिंगला निघालो होतो, एमआरटीत, इथल्या मेट्रोत, बसून तो निबंध पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला. अळीचं वर्णन, वेलीचं नाव, किती दिवसांनी कात, किती दिवसांनी कोष, सगळं साहेबांचं. लेखकांची नावं तीन, त्यात साहेब नव्हते. शेवटी आभारात एक ओळ होती, स्थानिक रहिवाशांनी केलेल्या सहकार्याबद्दल. रहिवासी. तेवढंच. माझं स्टेशन मागे गेलं.

आता खरी कडू गोष्ट. मी साहेबांना सांगितलं नाही. आणि मासिकात त्या चार ओळी दिल्या. आमच्या साहाय्यक संस्थेच्या संशोधकांनी या दुर्मीळ पतंगाचं जीवनचक्र प्रथमच उलगडलं, असं मी माझ्या हाताने लिहिलं. 'प्रथमच' हा शब्दसुद्धा माझाच. मी स्वतःला सांगितलं की नंतर निवांतपणे त्या पोराशी बोलू, पुढच्या निबंधात नाव घालायला लावू, उगाच कार्यक्रमाला गालबोट नको. माझ्या वरच्या साहेबांनी मासिकाचा तो अंक बघून मला शाबासकी दिली होती…

आमचं मासिक दुरुस्तीच्या कंपन्यांनाही जातं, हे मी विसरलो होतो. दोन आठवड्यांनी फोन आला. "पाच साब, तुमच्या मासिकात वाचलं." मला वाटलं शिव्या देतील, द्यायला हव्या होत्या. म्हणाले, "तो पूर्ण निबंध मला मिळेल का वाचायला?"

आम्ही दोघे त्या संशोधकाला भेटायला गेलो. संस्थेच्या कँटीनमध्ये कोपऱ्यातलं टेबल. त्याने आम्हाला कॉफी आणून दिली. नागरिकांनी केलेल्या नोंदी एकत्रित धरल्या जातात, एकेकाचं नाव देणं ही पद्धत नाही, पण अंकल तुमची माहिती फार उपयोगी पडली, असं तो गोड आवाजात सांगत राहिला. मी कॉफी ढवळत होतो. मी तिथे नेमका साक्षीदार म्हणून गेलो होतो आणि एक शब्द बोललो नाही. साहेबांनी सगळं ऐकून घेतलं आणि निबंधाचं एक पान उलगडून टेबलावर ठेवलं. एका वाक्याखाली पेन्सिलची रेघ होती.

"कोष करायला अळी वेलीवरून उतरून जमिनीत जाते, असं लिहिलंय."

"येस अंकल."

"ते चूक आहे. पहिल्या खेपेला मी अळ्या लहान डब्यात ठेवल्या होत्या, तळाला टिश्यू होता. पानं वाळली म्हणून त्या खाली उतरल्या. नंतर मोठ्या जाळीत ठेवल्या, कुंपणावरही बघितल्या, तेरा वेळा बघितल्या. अळी उतरत नाही. देठाजवळ पान गुंडाळून तिथेच कोष करते. ती दुरुस्ती दुसऱ्या वहीत आहे. ती वही तुम्ही नेलीच नव्हती."

समोरच्याचा चेहरा उतरला. चोरी पकडली गेली होती, आणि तीही अशी की नाकारायला जागा नाही. मी मनात म्हटलं, आता साहेब ह्याला सोडत नाहीत. पण त्यांचा रोख तिकडे नव्हताच.

"नाव राहू द्या," ते म्हणाले. "तेवढं वाक्य बदला. उद्या कुणी हे वाचून माती राखेल आणि वेल कापेल."

बघतो, असं तो म्हणाला. परतताना बसमध्ये साहेब खिडकीबाहेर बघत होते. ब्लॉकखाली उतरल्यावर म्हणाले, "तुमचं इंग्रजी चांगलं आहे. ज्या नियतकालिकात ते छापून आलंय, त्यांच्या संपादकाला एक पत्र लिहाल का? दुरुस्तीचं. मी मुद्दे काढून देतो." मी "लगेच लिहितो सर" म्हणालो. त्यांनी मुद्दे त्याच रात्री पाठवले, नंबर घालून, इंजिनच्या दुरुस्तीची यादी असावी तसे. मी ते पत्र लिहिलं नाही. आधी कंपनीचा दुसरा वृक्षारोपण कार्यक्रम होता म्हणून, मग एक जहाज गोदीत आलं म्हणून, मग इतका उशीर झाला की आता लिहायची लाज वाटायला लागली म्हणून. ते दर महिन्याला एकदाच विचारायचे. "पत्राचं काय झालं?" मी म्हणायचो, "अर्धं झालंय सर." एक ओळही झालेली नव्हती.

त्याच काळात त्यांना धाप लागायला लागली. फुप्फुसाच्या आवरणाचा कर्करोग निघाला. डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला तो कामाबद्दल. जुन्या जहाजांवर वाफेच्या पाइपांना अ‍ॅस्बेस्टॉस गुंडाळलेलं असायचं. आम्ही ते हाताने सोलून काढायचो, तोंडाला साधा रुमाल बांधून. मीही सोललंय. वहिनी म्हणाल्या, "आयुष्यभर ज्याचं काम केलं, तेच छातीत जाऊन बसलं." साहेबांनी मला पत्राबद्दल विचारलं.

आजाराच्या चौथ्या महिन्यात मागच्या झुडपांच्या पट्टीचं काम निघालं. घरं बांधणार नव्हते, उलट ती पट्टी हिरवी राखायची असं ठरलं होतं आणि सगळ्यांना आनंद झाला होता. कुंपणावरच्या आणि झाडांवरच्या वेली झाडांना जाचतात म्हणून मुळापासून काढल्या. माती मात्र मुद्दाम तशीच ठेवली. फुटपाथच्या कडेला एक छान रंगीत फलक लागला. त्यावर तो पतंग होता, जांभळे पंख पसरलेला, आणि खाली लिहिलं होतं की याचे कोष या मातीत असतात, कृपया इथे पाय देऊ नये.

साहेबांना हे ऋचाकडून कळलं. ते ऐकेनात म्हणून मी आणि ऋचा त्यांना व्हीलचेअरवरून खाली घेऊन गेलो. सकाळचे आठ वाजले असतील. त्यांनी फलक वाचला. कुंपणाची स्वच्छ, रिकामी जाळी ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत बघितली. ऋचाला फार राग आला होता. ती इंग्रजीत म्हणाली, "पा, हे तुमचं आहे, आणि त्यांनी ते नीट कॉपीसुद्धा केलं नाही!" ते तिच्या हातावर थोपटत राहिले. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "पाच साब, पत्र राहू द्या आता. काय उपयोग." त्यानंतर त्यांनी पत्राचं नाव काढलं नाही. त्यांनी विचारणं थांबवलं, त्याचं मला पहिले काही दिवस बरं वाटलं होतं. तेही इथे लिहून ठेवतो. तीन महिन्यांनी ते गेले. वेली काढल्यापासून नवव्या मजल्यावर तो पतंग सफाईवाल्या आंटीला दिसलेला नाही. ती मला मंडाईच्या बसस्टॉपवर म्हणाली, "आय ऑल्वेज लुक फॉर अंकल. डोन्ट हॅव ऑरेडी."

ते गेल्यावर तिसऱ्या दिवशी मी पत्र लिहिलं. चाळीस मिनिटं लागली. मुद्दे त्यांचेच, क्रमही त्यांचाच. दुसऱ्या वहीच्या पानांचे फोटो जोडले. दहा दिवसांत उत्तर आलं. आपण दाखवलेल्या आस्थेबद्दल आभारी आहोत, परंतु प्रकाशित मजकुरातील दुरुस्तीची विनंती मूळ लेखकांकडून येणं आवश्यक आहे. मूळ लेखकांकडून… मी त्या दोन शब्दांकडे किती वेळ बघत बसलो होतो कोण जाणे.

गेल्या रविवारी यिशुनला गेलो आणि वहिनींना ते उत्तर वाचून दाखवलं. मला वाटत होतं की निदान पाठवलं, हे त्यांना बरं वाटेल. त्यांनी चष्मा काढला.

"आता कशाला पाठवलंत, भावोजी?"

मी फोन खिशात ठेवला.

"ते असताना पाठवलं असतंत आणि हेच उत्तर आलं असतं, तरी चाललं असतं. कुणीतरी आपल्यासाठी पाठवलं, एवढं तरी त्यांना कळलं असतं."

आवाज चढवला नाही त्यांनी. चहा हवा का विचारलं, मी नको म्हणालो. बाहेर ढग भरून आले होते म्हणून त्या स्वयंपाकघराच्या खिडकीशी गेल्या आणि बाहेर वाळत घातलेले कपडे बांबूसकट आत ओढायला लागल्या. मी मदतीला उठलो तर हातानेच बसा म्हणाल्या. एकेक कपडा त्या बांबूवरून काढायच्या, उलटा करायच्या, शिवणीवरून बोट फिरवायच्या, खिशात, कॉलरखाली बघायच्या आणि मगच घडी घालायच्या. मी बघतोय हे त्यांच्या लक्षात आलं.

"ह्यांचं हे," त्या म्हणाल्या. "पतंग रात्री येतात आणि दिवसभर कपड्यांत बसून राहतात म्हणे. न बघता घडी घातली तर चिरडतात. मी किती वर्षं ओरडले, अहो, पाऊस येतोय, कपडे आत घ्या आधी. ह्यांचं आपलं चाललेलं, एकेक बाही तपासणं… आता सुटलं ना सगळं? तर आता मीच बघते. नकोय मला हे. राग येतो स्वतःचा."

पाऊस सुरू झाला. शेवटचा राहिला होता तो उशीचा अभ्रा. त्यांनी आत हात घालून त्याचे चारही कोपरे चाचपले. काही नव्हतं. मग त्याची घडी घातली आणि बाकीच्या कपड्यांवर ठेवली.